१६ टीबीची भिंत: मोठी फाइलसिस्टिम बांधताना कुठे अडतं आणि कसं सोडवायचं

पुण्यात मोठ्या डेटाचं काम म्हटलं की खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण किंवा पाषाणची आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था आठवते. पण आता कोथरूडमधल्या व्हिडिओ स्टुडिओला, ड्रोननं जमीन मोजणाऱ्या छोट्या कार्यालयाला, अभियांत्रिकी कॉलेजातल्या लॅबलाही ५०-१०० टीबी जागा लागते. डिस्क येतात, जोडल्या जातात, सगळं नीट दिसतं, आणि शेवटच्या पायरीला फॉरमॅटची कमांड म्हणते की आकार ३२ बिटांत मावत नाही. कधी कधी ती काहीच म्हणत नाही, आणि दोन वर्षांनी जागा वाढवायला गेल्यावर तेच अडतं. तोवर आत सगळ्यांचं काम साठलेलं असतं, म्हणून हा दुसरा प्रकार जास्त महागात पडतो.

लिनक्सवर पहिल्यांदाच मोठी फाइलसिस्टिम (डिस्कवर कुठली फाइल कुठे आहे याची नोंद ठेवणारी रचना) बांधणाऱ्यांसाठी हा लेख आहे. कमांड इथे फोनवर सांगतात तशा, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत; 'छोटा बी' म्हणजे आडव्या रेघेनंतरचं लहान लिपीतलं इंग्रजी बी अक्षर.

मर्यादा येते कुठून

समजा, पेठेतल्या घरांच्या नोंदवहीत घरक्रमांकाच्या रकान्यात चारच आकडे मावतात. ९९९९ नंतरचं घर रस्त्यावर उभं असलं, तरी वहीत त्याची नोंद होणार नाही. फाइलसिस्टिमचंही असंच आहे. डिस्कवरच्या प्रत्येक ठोकळ्याला क्रमांक असतो, आणि तो क्रमांक ३२ बिटांत लिहायचा ठरला असेल तर ४,२९,४९,६७,२९६ ठोकळ्यांच्या पुढे मोजताच येत नाही. जागा असते, पत्ता नसतो.

आता गुणाकार करा. ठोकळा ५१२ बाइटचा असेल तर मर्यादा २ टेबीबाइट. ठोकळा ४०९६ बाइटचा असेल तर १६ टेबीबाइट. हे दोन आकडे पाठ करून ठेवा, कारण जुनं पार्टिशन टेबल (डिस्कच्या विभागांची यादी), डिस्क बसवायचा जुना यूएसबी डबा, लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम ईएक्सटी४ची जुनी रूपं, ३२ बिटांचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), विंडोजची फाइलसिस्टिम एनटीएफएस अशा वेगवेगळ्या ठिकाणी तेच दोन आकडे पुन्हा भेटतात.

इथे एककांचा घोळ समजून घ्यायलाच हवा. डिस्कच्या खोक्यावरचा टीबी म्हणजे १० चा १२वा घात. लिनक्सची बहुतेक साधनं मोजतात ते टेबीबाइट, म्हणजे २ चा ४०वा घात, आणि लिहिताना नुसतं 'टी' लिहितात. त्यामुळे १६ टीबीची डिस्क भरते १४.५५ टेबीबाइट, आणि १८ टीबीची १६.३७. म्हणजे १६ टीबीच्या डिस्कवर वर्षानुवर्षं चाललेली रीत १८ टीबीच्या पहिल्याच डिस्कवर मोडते. खरी सीमा खोक्यावरच्या हिशेबात १७.५९ टीबीला आहे.

याचा पहिला फटका फॉरमॅटच्याही आधी बसतो. नवी डिस्क वापरण्यापूर्वी बॅडब्लॉक्स या कमांडनं तपासायची चांगली सवय अनेकांना असते, आणि त्यात ठोकळा ४०९६ द्यायचा हेही ठरलेलं असतं. १८ टीबीच्या डिस्कमध्ये १,८०,००,२०,७९,३७,५३६ बाइट असतात. त्याला ४०९६ नं भागलं की ४,३९,४५,८२,०१६ ठोकळे होतात. वरच्या ४२९ कोटींपेक्षा हे जास्त, म्हणून बॅडब्लॉक्स 'शेवटचा ठोकळा ३२ बिटांचाच हवा' म्हणून थांबतं. डिस्क खराब आहे असं समजून ती परत करू नका. छोट्या बी पर्यायाला ८१९२ द्या, तपासणी सुरू होईल. (छोटा डब्ल्यू लावलात तर डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, हे विसरू नका.)

खालून वर, एकेक थर तपासा

फाइलसिस्टिम सगळ्यात वरचा थर. तिच्याखाली रेड (अनेक डिस्क एकत्र बांधून एखादी गेली तरी डेटा वाचवणारी रचना) किंवा एलव्हीएम (डिस्कची जागा लवचीकपणे वाटणारी सोय), त्याखाली पार्टिशन, त्याखाली कंट्रोलर किंवा यूएसबी डबा, आणि तळाला डिस्क. सगळ्यात अरुंद थराची मर्यादा साऱ्या इमारतीला लागते. म्हणून सुरुवात तळापासून करायची.

आधी डबा. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आणलेला स्वस्त किंवा घरात पडून असलेला जुना यूएसबी-साटा डबा मोठ्या डिस्कशी नीट बोलेलच असं नाही. काही जुन्या डब्यांतली चिप सेक्टरचा (डिस्कच्या स्वतःच्या ठोकळ्याचा) क्रमांक ३२ बिटांत धरते आणि वरचे बिट गळून पडतात. ओळखायची खूण अगदी ठरावीक आहे: ३ टीबीची डिस्क ७४६ जीबीची दिसते. पूर्ण आकारातून २ टेबीबाइट वजा केल्यावर बरोबर तेवढंच उरतं. एलएसबीएलके कमांडला छोटा बी लावून बाइटमधला आकार पाहा आणि डिस्कच्या लेबलशी ताडा.

आकार बरोबर दिसला म्हणजे लिहिणंही बरोबर होतं असं मात्र धरू नका. डिस्क रिकामी असतानाच ही चाचणी करा. डीडी या कॉपी करणाऱ्या कमांडनं पहिल्या मेबीबाइटमध्ये (२ चा २०वा घात बाइट) एक खूण लिहा. मग ठोकळा १ मेबीबाइटचा ठेवून सीकला (किती ठोकळे सोडून लिहायचं) २०९७१५२ द्या आणि तिथे दुसरी खूण लिहा. ही जागा बरोबर २ टेबीबाइटवर येते. दोन्ही वेळा ओफ्लॅगला डायरेक्ट द्या, म्हणजे लिखाण मेमरीत न थांबता थेट डिस्ककडे जातं. डिस्क काढून पुन्हा जोडा आणि पहिली खूण वाचा. तिथे दुसरी खूण निघाली, तर हा डबा मोठ्या पत्त्यावरचं लिखाण डिस्कच्या सुरुवातीला आणून टाकतो आहे. असा डबा ताबडतोब बाजूला करा, कारण डिस्क २ टेबीबाइटपर्यंत भरेस्तोवर तो अगदी शहाण्यासारखा वागेल आणि नंतर फाइलसिस्टिमचं डोकंच पुसेल.

मग पार्टिशन टेबल. जुनं एमबीआर ५१२ बाइटच्या सेक्टरवर २ टेबीबाइटच्या पुढे जात नाही. २ टीबीहून मोठ्या डिस्कला जीपीटीच करा. ऑपरेटिंग सिस्टिम वेगळ्या छोट्या एसएसडीवर ठेवा, म्हणजे बूट होण्याचे प्रश्न मोठ्या साठ्यात मिसळत नाहीत. नुसत्या डेटाच्या डिस्कवर पार्टिशन न करता थेट रेड बांधलं तरी चालतं. पण उद्या दुसऱ्या कुणाला ती डिस्क रिकामी वाटू नये म्हणून एकच पार्टिशन केलेलं बरं.

सॉफ्टवेअर रेडमध्ये एमडीएडीएम या रेड बांधणाऱ्या कमांडचा मेटाडेटा (डिस्कवर ठेवलेली रेडची नोंद) १.२ आहे ना, ते डिटेल पर्यायानं पाहा. आज तोच आपोआप येतो, पण जुन्या मशीनमधून उचललेला संच ०.९० चा असू शकतो. त्यात २८ पेक्षा जास्त डिस्क बसत नाहीत आणि एकेका डिस्कच्या आकारालाही मर्यादा आहे.

शेवटी प्रोसेसर. यूनेम कमांडला छोटा एम द्या. उत्तर ३२ बिटांचं आलं, म्हणजे आर्मव्ही७ किंवा आय६८६ वगैरे, तर १६ टेबीबाइटच्या वर जायचा विचार सोडा. तिथे अडचण कर्नलच्या पेज कॅशची (डिस्कवरच्या मजकुराची मेमरीतली पानं) आहे: ४ केबीची पानं ३२ बिटांत मोजली की पुन्हा १६ टेबीबाइटच. एक्सएफएस ही दुसरी, मोठ्या साठ्यांसाठीची फाइलसिस्टिम घेतली तरी सुटका नाही. घरगुती साठवणुकीच्या जुन्या खोक्यांत असे प्रोसेसर अजून भेटतात.

आधी लॅपटॉपवर सराव

शंभर टीबीची फाइलसिस्टिम बांधायचा सराव करायला शंभर टीबी लागत नाहीत. स्पार्स फाइल, म्हणजे आकारानं मोठी पण आत पोकळ असलेली फाइल वापरता येते. दुपारच्या दोन तासांत सगळ्या मर्यादा डोळ्यांनी पाहून होतात. हा सराव टाळू नका. खऱ्या डिस्कवर हीच चूक कळायला दिवस जातात.

लॅपटॉपवर बहुधा ईएक्सटी४ असेल. तिच्यावर ट्रंकेट कमांडनं २० टी आकाराची फाइल करायला जा. 'फाइल टू लार्ज' असं उत्तर येईल. ईएक्सटी४ मध्ये ४ केबीच्या ठोकळ्यावर एका फाइलचा आकार १६ टेबीबाइटला जेमतेम टेकतो, एक ठोकळा आधीच थांबतो. म्हणून बरोबर १६ टी मागितलेत तरी नकारच मिळेल. फाइलसिस्टिम केवढीही मोठी असली तरी फाइलची ही मर्यादा तशीच राहते. व्हर्च्युअल मशीनची मोठी इमेज ठेवायची असेल तर हे आधी माहीत हवं.

तेव्हा ट्रंकेटनं २० जीबीची फाइल करा, तिच्यावर एमकेएफएस डॉट एक्सएफएस चालवा, आणि लूप पर्यायानं माउंट करा, म्हणजे ती फाइलच डिस्कसारखी जोडून वापरता येते. एक्सएफएसमध्ये फाइल ८ एक्सबीबाइटपर्यंत (एक एक्सबीबाइट म्हणजे २ चा ६०वा घात) जाते, त्यामुळे या छोट्या खोलीत १०० टीची पोकळ फाइलही मावते.

आत २० टीची फाइल करून तिच्यावर एमकेएफएस डॉट ईएक्सटी४ चालवा, पण मोठ्या ओ पर्यायाला टोपीचं चिन्ह आणि '६४बिट' द्या, म्हणजे ६४ बिटांची सोय मुद्दाम बंद. नकार येतो तो वाचून ठेवा. मग १५ टीची दुसरी फाइल तशाच बंद सोयीनं फॉरमॅट करा. हे बिनबोभाट होईल. आता ट्रंकेटनं ती फाइल १७ टी करा, ई२एफएससीके (तपासणीची कमांड) छोट्या एफसह चालवा आणि रिसाइझ२एफएस (आकार बदलणारी कमांड) द्या. 'न्यू साइज टू लार्ज टू बी एक्स्प्रेस्ड इन ३२ बिट्स'. जुन्या सर्व्हरवर डिस्क वाढवल्यानंतर येतो तो हाच संदेश, आणि तो आधी कधी पाहिला नसेल तर रात्री अकरा वाजता छातीत धस्स होतं.

उपाय आहे. फाइलसिस्टिम अनमाउंट करायची, ई२एफएससीके करायचं, आणि रिसाइझ२एफएसला छोटा बी द्यायचा. तो ६४ बिटांची सोय चालू करतो. मगच आकार वाढवायचा. हा पर्याय ई२एफएसप्रॉग्स या ईएक्सटी४च्या साधनांच्या संचाच्या १.४३ या २०१६ सालच्या आवृत्तीपासून आहे, आणि ६४ बिट आपोआप चालू होऊ लागले तेही तेव्हापासूनच. १६ टेबीबाइटच्या वर फॉरमॅट करण्याची सोय त्याआधी २०११ मध्ये १.४२ ला आली होती. म्हणून २०१६ पूर्वी बांधलेली कुठलीही ईएक्सटी४ हाती आली की डंपई२एफएस छोट्या एचसह चालवून फीचर्सच्या ओळीत ६४बिट आहे का बघायचं. या रूपांतरात आतल्या नोंदी हलवल्या जातात, तेव्हा बॅकअपशिवाय हात लावू नका.

ईएक्सटी४ की एक्सएफएस

५० टीबीच्या वर आमचा कौल एक्सएफएसला. कागदावर ६४ बिटांची ईएक्सटी४ १ एक्सबीबाइटपर्यंत जाते, पण कागद आणि रोजचं काम यांत अंतर आहे. ईएक्सटी४ ठोकळ्यांचे ग्रुप पाडते आणि सगळ्या ग्रुपच्या नोंदींची यादी एका ग्रुपमध्ये मावायला हवी, त्यामुळे मेटा_बीजी सोय नसेल तर २५६ टेबीबाइटलाच अडतं. रेड हॅटनंही एंटरप्राइज लिनक्स ८ साठी ईएक्सटी४ला ५० टेबीबाइट आणि एक्सएफएसला १ पेबीबाइटपर्यंतच (१०२४ टेबीबाइट) पाठिंबा ठेवला आहे.

ईएक्सटी४ची खरी गोची आयनोडची आहे. प्रत्येक फाइलला एक आयनोड, म्हणजे तिच्या माहितीची नोंद, लागतो आणि त्यांची संख्या फॉरमॅट करताना कायमची ठरते. १६ टीच्या वरच्या फाइलसिस्टिमला आपोआप 'ह्यूज' प्रकार लागतो, म्हणजे दर ६४ केबीमागे एक आयनोड. २० टेबीबाइटवर ते होतात ३३ कोटी ५५ लाख. प्रत्येक फाइल २० केबीची असेल, उदाहरणार्थ नकाशाचे तुकडे किंवा मशीन लर्निंगची छोटी चित्रं, तर ६.७ टीबी भरल्यावरच आयनोड संपतात आणि दोन तृतीयांश जागा रिकामी असताना काम थांबतं. छोट्या फाइल येणार असतील तर छोट्या आय पर्यायाला १६३८४ द्या. पण तिथेही वरची हद्द आहेच: आयनोडचा क्रमांक ३२ बिटांचाच असतो, आणि १६ केबीच्या हिशेबानं ६४ टेबीबाइटला तो संपतो.

दुसरं, ईएक्सटी४ ५ टक्के जागा रूट, म्हणजे मशीनच्या मुख्य वापरकर्त्यासाठी राखून ठेवते. २० जीबीच्या डिस्कवर ते शहाणपणाचं होतं. १०० टीबीवर ५ टीबी अडकतात. ट्यून२एफएसला छोटा एम आणि शून्य द्या, जागा लगेच मोकळी होते.

एक्सएफएस आयनोड लागतील तसे बनवते, त्यामुळे वरचा हिशेब करावा लागत नाही. फक्त आयनोडसाठी किती टक्के जागा जाऊ द्यायची याची मर्यादा असते: १ टीबीच्या आत २५ टक्के, ५० टीबीपर्यंत ५ आणि त्यावर १. ही नंतर एक्सएफएस_ग्रोएफएसला छोटा एम देऊन बदलता येते.

एक्सएफएसला दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. पहिली, ती व्यवहारात लहान करता येत नाही. दुसरी कमी लोकांना ठाऊक असते. ती जागेचे ॲलोकेशन ग्रुप पाडते, एकेक ग्रुप जास्तीत जास्त १ टेबीबाइटचा, आणि ग्रुपचा आकार फॉरमॅट करताना पक्का होतो. १०० जीबीवर फॉरमॅट केलं तर साधारण २५ जीबीचे चार ग्रुप पडतात. तीच वाढवत १०० टीबीला नेली की चार हजार ग्रुप होतात आणि सगळं रेंगाळायला लागतं. 'आत्ता छोटी करू, लागेल तशी वाढवू' हा विचार चांगला आहे, पण सुरुवात काही टीबींवर तरी करा.

बांधणी: १८ टीबीच्या आठ डिस्क

रेड ६ मध्ये दोन डिस्कइतकी जागा पॅरिटीला, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचा डेटा परत काढायच्या जादा माहितीला जाते. उरतात सहा: १०८ टीबी, म्हणजे ९८.२ टेबीबाइट. एवढ्या आकारात रेड ५ करू नका. एक डिस्क गेल्यावर नवी भरायला सेकंदाला २०० एमबीच्या वेगानंही २५ तास लागतात, आणि त्या काळात दुसरी गेली तर सगळंच जातं.

एमडीएडीएमला क्रिएट, लेव्हल ६, डिव्हायसेस ८ द्या. डिस्कची नावं डेव्ह-डिस्क-बाय-आयडी मधली वापरा, एसडीए-एसडीबी नको. ती बूटगणिक बदलू शकतात. चंक (एका डिस्कवर सलग जाणारा तुकडा) ५१२ केबी आपोआप येतो. पहिलं सिंक, म्हणजे डिस्कमधली जुळवाजुळव, सुरू होईल. प्रगती प्रॉक-एमडीस्टॅटमध्ये दिसते. पुण्यात बऱ्याच भागांत देखभालीची वीजबंदी गुरुवारी असते, तेव्हा एक-दीड दिवस चालणारं सिंक किंवा दुरुस्ती बुधवारी सुरू करू नका. यूपीएस तर हवाच, पण साधा यूपीएस दिवसभर आठ डिस्क ओढत नाही; त्याचं काम मशीन नीट बंद होऊ देणं एवढंच.

मग एमकेएफएस डॉट एक्सएफएस. सॉफ्टवेअर रेड असेल तर ती पट्ट्यांचा हिशेब (डेटा डिस्कांवर कसा वाटला आहे तो) स्वतः ओळखते. हार्डवेअर कार्ड असेल तर बऱ्याचदा हातानं द्यावा लागतो: एसयू म्हणजे चंक, ५१२के, एसडब्ल्यू म्हणजे डेटाच्या डिस्क, इथे ६. आठ लिहू नका, पॅरिटीच्या दोन मोजायच्या नाहीत. हा आकडा चुकला तर काही मोडत नाही, पण लिहिण्याचा वेग कायमचा खाली राहतो.

डेटा भरण्याआधी अनमाउंट असतानाच एक्सएफएस_रिपेअरला छोटा एन, दोनदा छोटा व्ही, आणि छोटा एम १ द्या. १ एमबी मेमरीत दुरुस्ती करायला सांगितल्यावर ती नकार देते आणि किती मेमरी लागेल तो आकडा सांगते. फाइल वाढतील तसा तो वाढतो, म्हणून वर्षातून एकदा पुन्हा पाहा आणि रॅम त्याच्या बरीच वर ठेवा. ज्या मशीनवर दुरुस्ती चालूच शकत नाही तिथे १०० टीबी ठेवणं धोक्याचं आहे. जमत असेल तर आम्ही ५०-५० च्या दोन फाइलसिस्टिम सुचवू. एक दुरुस्तीला गेली तरी दुसरीवर काम चालू राहतं.

जागा आहे, तरी 'नो स्पेस लेफ्ट'

डीएफ रिकामी जागा दाखवतं आणि लिहिता मात्र येत नाही. घाबरून फाइल उडवायच्या आधी या क्रमानं बघा. डीएफला छोटा आय द्या. ईएक्सटी४वर वापर १०० टक्के असेल तर आयनोड संपले. फाइल हलवून किंवा एकत्र टार करूनच सुटेल, आणि पुढच्या वेळी फॉरमॅट करताना हिशेब बदलावा लागेल. एक्सएफएस असेल तर माउंटच्या पर्यायांत आयनोड३२ आहे का पाहा; ३.७ च्या आधीच्या कर्नलवर तो न लिहिताही लागू असतो. त्यात सगळे आयनोड डिस्कच्या पहिल्या १ टीबीतच ठेवावे लागतात. तो भाग डेटानं भरला की बाकी ९० टीबी मोकळे असूनही नवी फाइल बनत नाही. कर्नल ३.७ पासून आयनोड६४ हेच नेहमीचं झालं आहे, तेव्हा आयनोड३२ काढून, आणि त्याहून जुन्या कर्नलवर आयनोड६४ स्वतः देऊन, पुन्हा माउंट करा. मग एखादा फार जुना ३२ बिटांचा प्रोग्राम 'व्हॅल्यू टू लार्ज फॉर डिफाइन्ड डेटा टाइप' म्हणून अडू शकतो. तो प्रोग्राम बदला, फाइलसिस्टिम नको. खाली एलव्हीएमचा थिन पूल (लागेल तशी जागा देणारा सामाईक साठा) असेल तर एलव्हीएस छोट्या ए सह चालवा. थिन पूलचा मेटाडेटा वेगळा भरतो आणि त्याला सुमारे १६ जीबीची हद्द आहे.

विंडोजवर वाचायच्या डिस्कसाठी एनटीएफएस करताना क्लस्टर (विंडोजचा ठोकळा) ६४ केबीचा निवडा. ४ केबीवर १६ टेबीबाइटलाच थांबावं लागतं, आणि क्लस्टर नंतर बदलायला बहुधा पुन्हा फॉरमॅटच करावं लागतं. ६४ केबीवर हद्द २५६ टेबीबाइट होते. फक्त एनटीएफएसचं स्वतःचं कॉम्प्रेशन तिथे चालत नाही.

सगळं उभं राहिलं की एक्सएफएस_इन्फो, एमडीएडीएम डिटेल आणि एलएसबीएलकेचं उत्तर एका फाइलीत घ्या. त्यासोबत कुठल्या खणात कुठल्या सिरीयल क्रमांकाची डिस्क आहे तेही लिहा. ही फाइल दुसऱ्या मशीनवर ठेवा आणि एक छापील प्रत कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवा. डिस्क बदलायची वेळ येते तेव्हा हा साठा बहुधा बंद असतो.